निवृत्त होणाऱ्यास काय द्यावे?

महिन्याची अखेर जवळ आली की कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून एक कागद हातोहात फिरू लागतो. वरती निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचे नाव असते, खाली इतरांची नावे आणि नावांपुढे रकमेचे आकडे असतात. वर्गणी जमते, मग कोणीतरी घाईघाईने बाजार गाठतो आणि मागील वेळी आणली होती तीच वस्तू पुन्हा घेऊन येतो. तीस-पस्तीस वर्षांच्या सहवासाची सांगता अशा रीतीने एका रंगीत कागदात गुंडाळली जाते. यात कोणाच्या मनात वाईट काही नसते. परंतु ज्याला भेट द्यावयाची, त्याच्या उद्याच्या आयुष्याचा विचार करण्यास कोणाला सवड झालेली नसते. वास्तविक हा विचार फार अवघड नाही. तो कोणत्या क्रमाने करावा, एवढेच समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी भोपाळमधील बरखेडा ही वसाहत डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त होईल. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी झाले. त्याच वर्षी 'हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ब्रिटनमधील 'असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज' या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने तिचा कारखाना येथे उभा राहू लागला. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. पुढे १९७४ साली ही कंपनी 'भारत हेवी इलेक्ट्रिकल्स', म्हणजेच 'भेल' या कंपनीत विलीन झाली. पाण्यावर चालणारी टर्बाइने, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे-इंजिनांच्या मोटारी अशी अवजड यंत्रे घडविणाऱ्या या कारखान्याभोवती बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा आणि हबीबगंज या भागांत कामगारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या वसाहती वसल्या. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी माणसेही होती. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर असल्यामुळे भोपाळशी मराठी नोकरदारांचा संबंध नव्या राज्याच्या पहिल्या दिवसापासूनच जडलेला होता.

अशा वसाहतीत निवृत्तीचा अर्थ इतर ठिकाणांहून थोडा वेगळा असतो. शहरातील कारकून निवृत्त झाला म्हणजे त्याची कचेरी सुटते, पण त्याचे घर, त्याचा वाणी आणि त्याचा शेजार कायम राहतो. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याचे मात्र नोकरीबरोबर घरही सुटते. ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामे करून द्यावे लागते. अंगणात स्वतःच्या हाताने लावलेला आंबा, कडीपत्त्याचे झाड, मुलांची उंची मोजल्याच्या खुणा असलेली दाराची चौकट हे सारे मागे ठेवून कुटुंबास पुण्याला मुलाकडे, नागपूरला भावाजवळ किंवा भोपाळच्याच एखाद्या नव्या भागातील सदनिकेत जावे लागते. जो मनुष्य सामानाची बांधाबांध करण्याच्या बेतात आहे, त्याला काय द्यावे आणि काय देऊ नये, याचे उत्तर येथे निम्मे तरी मिळून जाते. तीन फूट उंचीची काचेच्या पेटीतील मूर्ती किंवा भिंतभर मानचिन्ह त्याच्या पदरी घालणे म्हणजे एक अवघड सामान वाढविणे होय.

निवृत्तीच्या तारखेचेही एक वैशिष्ट्य आहे. केंद्रीय सेवेत कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी तो निवृत्त होतो. ज्याचा जन्म १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस. ही वयोमर्यादा १९९८ साली ५८ वरून ६० वर्षे करण्यात आली. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे फार आढळतात. पूर्वी मुलाला शाळेत घालताना बापाला नेमका दिवस सांगता आला नाही, तर गुरुजी जून महिन्याची पहिली तारीख लिहून मोकळे होत. त्यामुळे ३१ मे रोजी अनेकांचे निरोप समारंभ एकाच वेळी येतात आणि बाजारातील एकसारख्या वस्तूंची एकगठ्ठा खरेदी होते. तारीख सर्वांची एक असली, तरी प्रत्येकाचे आयुष्य निराळे असते, हे अशा वेळी विशेष ध्यानात ठेवावे लागते.

आता भेट म्हणजे काय, हेही स्पष्ट झाले पाहिजे. निवृत्त होणाऱ्यास भविष्य निर्वाह निधी मिळतो, ग्रॅच्युइटी मिळते. ग्रॅच्युइटीला मराठीत 'उपदान' म्हणतात, परंतु त्या शब्दात 'दान' असले तरी ते दान नव्हे. कायद्यानुसार सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने मिळणारा तो हक्क आहे. हक्काची रक्कम कोषातून येते आणि ती सर्वांना एकाच सूत्राने मोजून दिली जाते. सहकाऱ्यांची भेट ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. 'तुमच्या शेजारी उभे राहून आम्ही काम केले, आणि तुम्हांला आम्ही ओळखतो,' एवढेच तिने सांगावयाचे असते. ती किती रुपयांची आहे, याला म्हणूनच दुय्यम महत्त्व आहे. ती त्या माणसाला पाहून आणली आहे की नाही, हे मात्र क्षणात उघड होते.

रूढ भेटींमध्ये पहिला मान घड्याळाचा. युरोपात आणि अमेरिकेत कंपन्या आपल्या जुन्या नोकरास निरोप देताना सोन्याचे घड्याळ देत. आपल्याकडे बंगळूरच्या एच.एम.टी. कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे तयार होऊ लागली, आणि लग्नात, परीक्षेच्या निकालानंतर व निवृत्तीच्या दिवशीही तेच देण्याची प्रथा पडली. २०१६ साली हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तरी अनेक घरांत ती घड्याळे अजून जपून ठेवलेली आहेत. ज्या काळात घड्याळ ही दुर्मिळ वस्तू होती, त्या काळात ही भेट थोर होती. आज मात्र प्रत्येकाच्या खिशातील फोन वेळ सांगतो. आणि ज्याने सारी हयात पाळीच्या भोंग्यावर काढली, त्याला निरोपाच्या दिवशी पुन्हा तास-मिनिटांचीच आठवण करून देणे थोडे विपरीतच दिसते. घड्याळ द्यावयाचेच, तर त्याच्याजवळचे जुने, बंद पडलेले घड्याळ घरच्यांकडून गुपचूप मागून घ्यावे आणि चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करवून द्यावे. खर्च थोडा येतो आणि मोल मोठे होते.

शाल व श्रीफळ यांची गोष्ट निराळी. तो सत्काराचा विधी आहे. त्याला उपयोगाची कसोटी लावू नये. शाल खांद्यावर पडते तेव्हा सभेतील सर्वांच्या वतीने आदर व्यक्त होतो आणि तेवढ्याने तिचे काम झालेले असते. फक्त विधी पार पडला म्हणजे भेटीची जबाबदारी संपली, असे समजू नये. देवादिकांच्या मूर्ती व तसबिरी यांबाबत अधिक सावध असावे. बरखेड्यासारख्या ठिकाणी एकाच विभागात हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती आणि बौद्ध माणसे वर्षानुवर्षे एकत्र डबा खात आलेली असतात. ज्याला मूर्ती द्यावयाची, त्याच्या घरी तिचे स्थान कोणते, हे ठाऊक असेल तरच ती द्यावी. आदराने दिलेली वस्तू घेणाऱ्याला संकोचात टाकत असेल, तर देणाऱ्याच्या सद्भावनेचा काय उपयोग?

मग निवड कशी करावी? पहिली चौकशी घरी करावी. आयुष्यभर ज्यांनी डबा भरून दिला, त्यांना सर्व ठाऊक असते. "वहिनी, पुढे कुठे राहायचं ठरलं? नवं घर केवढं आहे? भाऊंना हल्ली कशात गोडी वाटते?" एवढे तीन प्रश्न पुरेसे होतात. भाऊंना बागेचा नाद आहे. परंतु नवे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, असे कळले तर खुरपे-फावडे देण्यात अर्थ नाही. गच्चीत मावतील अशा कुंड्या, माती आणि जुन्या अंगणातील मोगऱ्याचे रुजविलेले रोप मात्र त्यांच्याबरोबर जाऊ शकते. वाचनाचा नाद असेल, तर आवडत्या मराठी मासिकाची वर्षभराची वर्गणी नव्या पत्त्यावर भरावी. परप्रांतात राहणाऱ्यास दरमहा येणारा तो अंक आपल्या माणसाच्या भेटीसारखा वाटतो. डोळे थकले असतील, तर वाचनाचा चांगला दिवा द्यावा. निवृत्त होणारी स्त्री असेल, मग ती परिचारिका असो, शिक्षिका असो वा लेखा विभागातील कारकून असो, तर तिला स्वयंपाकघरातील भांडी देऊ नयेत. तिने दोन्ही नोकऱ्या एकदम केल्या; त्यांपैकी एकीतूनच ती सुटत आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरे पथ्य असे की, भेटीने माणसाला म्हातारे ठरवू नये. काठी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, औषधांची डबी या वस्तू उपयुक्त आहेत, पण त्या मुलांनी द्याव्यात, सहकाऱ्यांनी भरसभेत देऊ नयेत. साठाव्या वर्षी माणूस कामावरून उतरतो, आयुष्यातून नव्हे. त्याचप्रमाणे त्याच्या पुढील दिवसांचा कार्यक्रमही आपणच ठरवून देऊ नये. ज्याने कधी देवयात्रेची इच्छा बोलून दाखविली नाही, त्याच्या हाती यात्रेची तिकिटे ठेवणे हा प्रेमाचा असला तरी आग्रहच होय.

तिसरी गोष्ट स्थानिक वस्तूंची. जो भोपाळ सोडून जात आहे, त्याच्याजवळ भोपाळचे काही असावे. येथला जरीकाम केलेला बटवा प्रसिद्ध आहे. चंदेरीची साडी मध्य प्रदेशाचीच, आणि पतीच्या निवृत्तीच्या दिवशी पत्नीस ती दिली, तर तिच्या वाट्याच्या कष्टांचीही नोंद होते. पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांनी आपली गोंड चित्रकला भोपाळच्या भारत भवनात आणली. ही संस्था १९८२ साली उघडली. त्यांच्यामागून आलेले अनेक गोंड चित्रकार आज या शहरात काम करतात. कागदावरील असे चित्र गुंडाळून नेता येते, भिंतीवर थोडी जागा घेते, आणि पाहुणा विचारील तेव्हा चार गोष्टी सांगण्यास निमित्त होते.

सर्वांत उत्तम भेट मात्र बाजारात मिळत नाही. ती म्हणजे आठवणींची वही. शंभर पानांची चांगली बांधणीची वही घ्यावी आणि महिनाभर आधी ती विभागात फिरवावी. 'आपण फार प्रेमळ आहात, आपणांस उदंड आयुष्य लाभो' अशी वाक्ये कोणालाही लिहिता येतात; ती टाळण्यास सर्वांना सांगावे. प्रत्येकाने घडलेला एकच प्रसंग लिहावा. अमुक वर्षी रात्रपाळीला यंत्र अडले तेव्हा यांनी काय केले, नवशिक्या शिकाऊ कामगाराच्या हातून काम बिघडले तेव्हा यांनी साहेबांपुढे कोणते शब्द उच्चारले, हे लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे सांगणे दुसऱ्याने उतरवून घ्यावे. वहीत एक छायाचित्र लावावे. कारखान्याच्या आत छायाचित्र काढण्यास बहुधा परवानगी नसते, म्हणून ते फाटकाबाहेर किंवा क्वार्टरच्या अंगणात घ्यावे. आठवण म्हणून कारखान्यातील एखादा सुटा भाग, मग तो भंगारातील का असेना, परस्पर आणून देण्याचा मोह टाळावा. पस्तीस वर्षे निष्कलंक राहिलेल्या माणसास अखेरच्या दिवशी फाटकावर उत्तरे देण्याचा प्रसंग येऊ नये.

ही कल्पना नवी नाही. विद्वानांच्या जगात गौरवग्रंथाची प्रथा आहे, ती याच वहीचे मोठे रूप होय. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशी वर्षे पूर्ण झाल्याच्या दिवशी, त्यांच्या नावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी विद्वानांच्या लेखांचा एक संग्रहही त्यांना अर्पण करण्यात आला. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेस दिला. ज्या विषयाला त्यांनी आयुष्य वाहिले, त्याच विषयाचे काम पुढे चालू राहील, अशी ती भेट होती. टर्नरच्या किंवा फोरमनच्या वाट्याला संस्था येत नाही. पण त्याने शिकविलेले काम पुढे चालू आहे, हे त्याला चार ओळींत कळविता येते.

वर्गणीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ साली वर्तणुकीचे जे नियम झाले, त्यांत निरोप समारंभ खाजगी व अनौपचारिक स्वरूपाचा असावा, त्यासाठी वर्गणी देण्याचा दबाव कोणावरही आणू नये, आणि खालच्या दोन श्रेणींतील कर्मचाऱ्यांकडून वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्याच्या समारंभासाठी वर्गणी मुळीच गोळा करू नये, असे सांगितले आहे. सरकारी कंपन्यांचे स्वतःचे निराळे नियम असतात. परंतु यामागील न्याय सर्वत्र लागू पडतो. आकडे लिहिलेला कागद फिरविण्याऐवजी बंद पेटी ठेवावी. कोणी किती दिले, हे कोणासही कळू नये.

आणि काही भेटी समारंभानंतर द्यावयाच्या असतात. निवृत्तिवेतनधारकास वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरून संगणकाद्वारेही देता येतो, पण यंत्रे घडविणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि ठसा उमटत नाही. अशा वेळी बरोबर येणारा तरुण सहकारी मोठा आधार असतो. क्वार्टर रिकामे करण्याच्या दिवशी सामान उचलण्यास आलेले चार हात, गेल्यानंतर पहिल्या दसऱ्याला आवर्जून केलेला फोन, या गोष्टींना कागद-फीत लागत नाही.

शेवटी, ज्यांच्यासाठी कागद फिरतच नाही, त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. ठेकेदारामार्फत वर्षानुवर्षे झाडलोट करणारी बाई किंवा माल चढविणारा मजूर एके दिवशी येईनासा होतो. त्याला निवृत्तीची तारीख नसते, शाल नसते, भाषण नसते. ज्या विभागाने आपल्या साहेबास थाटाने निरोप दिला, त्याने या माणसाला वेळेवर बोलावून, त्याचे पूर्ण नाव घेऊन, चारजणांसमक्ष आभार मानावेत आणि त्याच्या गरजेची एक वस्तू त्याच्या हाती ठेवावी. निरोप देणाऱ्यांना माणसांची किती पारख आहे, याची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.