वारसा घ्यावा, रीत बदलावी

मंडळी, थोरला मुलगा वेगळा राहू लागला तरी आडनाव अन् कुळाचार वडिलांचाच चालवतो. शेत कसण्याची रीत तेवढी आपली ठेवतो. संगणकाच्या पीएचपी भाषेत असेच चालते. रास्मुस लेरडॉर्फ यांनी ही भाषा १९९५ साली लोकांपुढे ठेवली आणि २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीत तिच्यातल्या वर्गांची व वारशाची घडी नीट बसली.

आता सुकापूरचेच उदाहरण घेऊ. पनवेलजवळ माथेरान रस्त्यावरच्या या गावात जुनी घरेही आहेत अन् मोठ्या सोसायट्याही. समजा, पाणीपट्टीसाठी 'नळजोड' नावाचा वर्ग लिहिला. वर्ग म्हणजे शाळेतला नव्हे बरे का. एका जातीच्या वस्तूंचा साचा. त्यात दोन कृती. 'आकारणी' दरमहा १०० रुपये सांगते. 'पावती' ती रक्कम विचारून घेते आणि कागद छापते.

मग २० बिऱ्हाडांच्या इमारतीचे काय? सगळे पुन्हा लिहायचे? छे! 'एक्स्टेंड्स' हा शब्द घालून 'सोसायटीजोड' हा वारस वर्ग करायचा आणि फक्त 'आकारणी' त्याच नावाने नव्याने लिहायची. 'पावती' मूळ वर्गातलीच. पण वस्तू सोसायटीची, म्हणून ती वारसाची आकारणी विचारते. व्याकरण शिकवणाऱ्या गुरुजींना हे ओळखीचे वाटेल. उत्सर्ग सर्वत्र लागतो. अपवाद आला की तो आपल्यापुरता उत्सर्गाला बाजूला सारतो.

नव्या कृतीत १०० चा आकडा मात्र पुन्हा लिहू नये. 'पेरेंट' या शब्दाने मूळ आकारणी बोलवावी आणि तिला २० ने गुणावे; झाले २,००० रुपये. उद्या दर १२० झाला, तर एकाच जागी बदल करायचा. इमारतीचे २,४०० आपोआप होतात.

वारसावर बंधनेही आहेत. मूळची 'पब्लिक' कृती त्याला झाकता येत नाही. मूळ कृतीपेक्षा जास्त सक्तीची माहिती मागितली, तर २०२० सालची आठवी आवृत्ती चूक दाखवून थांबते. 'फायनल' कृती बदलताच येत नाही. 'प्रायव्हेट' कृतीच्या नावाची दुसरी लिहिली, तरी मूळ वर्ग आपलीच वापरतो.

खरा धोका निराळाच आहे. पीएचपीत कृतींची नावे देवनागरीतही चालतात. समजा, वारस वर्गात 'आकारणी'तला 'णी' ऱ्हस्व पडला. संगणक ती वेगळीच कृती समजतो, आणि तक्रारही करत नाही! इमारतीला १०० रुपयांची पावती जाते. १,९०० रुपयांची तूट गावाच्या माथी. म्हणून २०२३ साली ८.३ या आवृत्तीने 'ओव्हरराइड' ही खूण दिली. नव्या कृतीच्या डोक्यावर ती लिहिली आणि मूळ वर्गात त्या नावाची कृती नसली, की काम तिथेच अडते.

शिक्षकांनी ही खूण लिहायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी. आणि हो, ऱ्हस्व-दीर्घाचीही!