झडीचे दिवस आणि फ्लूचं पंचांग

फ्लू म्हणजे हिवाळ्यातला आजार, ही समजूत आपण युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून उचलली. लंडन-न्यूयॉर्कसाठी ती खरी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या किनवटसाठी ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत तान्ही मुलं, गरोदर बाया आणि दमेकरी म्हातारी माणसं मोजतात.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ पासून विषाणूंच्या मागावर आहे. तिच्या आणि देशभरातल्या प्रयोगशाळांच्या नोंदी एकत्र मांडल्या की मजेशीर चित्र दिसतं. श्रीनगरला फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये जोर धरतो. पुण्याला त्याचा मोठा हंगाम जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळ्यात, आणि हिवाळ्याच्या शेवटी दुसरा, बहुधा लहान. चेन्नईला तो परतीच्या पावसाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. देश एक, विषाणू तोच, पण पंचांगं तीन. किनवटचा पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, तेव्हा आपलं पंचांग पुण्याच्या जवळचं मानायला हरकत नाही.

यात एक कोडं आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई संस्थेत पीटर पालेसे यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये गिनीपिगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. आजारी प्राण्याच्या पिंजऱ्याशेजारी निरोगी प्राण्याचा पिंजरा ठेवायचा आणि हवेचं तापमान व आर्द्रता बदलत राहायची, अशी साधी मांडणी. थंड, कोरड्या हवेत लागण भराभर झाली. २० अंशांवर आर्द्रता ८० टक्क्यांवर नेली तेव्हा ती थांबली. पुढच्या प्रयोगांत ३० अंशांच्या उबेत हवेतून होणारी लागण बंद पडली, पण एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांमध्ये ती सुरूच राहिली. या कामासाठी गिनीपिग निवडण्यामागे एक जुनी नोंद होती. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या कॅम्प कोडी या लष्करी छावणीत प्रयोगशाळेतले गिनीपिग पटापट मेल्याचं १९१९ च्या एका लेखात नोंदलेलं होतं.

दमट हवेत विषाणू अडतो, तर मग आपल्याकडे तो पावसाळ्यातच का फोफावतो? उत्तर पूर्ण सापडलेलं नाही. माझ्या मते ते आभाळात कमी आणि घरात जास्त शोधायला हवं.

तेलंगणाच्या सीमेवरचा, पैनगंगेकाठचा, सागाच्या जंगलातला हा किनवट तालुका. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा माणसं अंगणात, बाजेवर, झाडाखाली असतात. श्रावणात झड लागली की आठवडाभर ऊन दिसत नाही. उन्हातले अतिनील किरण विषाणूला लवकर निकामी करतात, तो पहारेकरी तेव्हा रजेवर असतो. कोलामांच्या गुड्यावर नाहीतर बंजारा तांड्यावर अशा दिवसांत एखाद्या घरात शिरा. कुडाच्या भिंतीला बाहेरून मेणकापड बांधलेलं, ओल आत येऊ नये म्हणून खिडकीची फट चिंध्यांनी बुजवलेली. चूल आतच, लाकडं ओली, धूर छतापर्यंत गेला तरी बाहेर पडायला वाट नाही. त्याच खोलीत आजी खोकते, पाळण्यात बाळ आणि भिंतीशी दोरीवर न वाळणारे कपडे. एकाच्या छातीतून सुटलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात आणि दुसरा तीच हवा ओढून घेतो. बाहेर किती आर्द्रता आहे, याला इथे फारसा अर्थ उरत नाही.

आश्रमशाळांचं तसंच. निवासी शाळेच्या लांबट हॉलमध्ये अंथरुणाला अंथरूण लागून पोरं झोपतात आणि पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेतात. एकाला ताप आला की दोन-तीन दिवसांत रांगच्या रांग फणफणते. शाळा जूनमध्ये उघडतात. विषाणूला याहून सोयीचा मुहूर्त मिळणार नाही.

चुलीच्या धुराविषयी मात्र सावधपणे बोललं पाहिजे. धूर श्वासनलिकेचं संरक्षक अस्तर दुखावतो, यात शंका नाही. पण भारतासह चार देशांत (आपल्याकडे तामिळनाडूत) झालेल्या एका मोठ्या चाचणीत घरोघरी गॅस देऊनही तान्ह्या मुलांच्या तीव्र न्यूमोनियाचं प्रमाण घटलं नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. गॅस बायांच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी हवाच. पण सिलिंडर पोचला म्हणजे बाळाच्या न्यूमोनियाचा प्रश्न मिटला, असं समजून चालणार नाही. खोलीतली गर्दी, कुपोषण आणि राहून गेलेली लस तिथेच असतात.

हवामानालाच सगळं श्रेय देणाऱ्यांनी २०२१ आठवावं. त्याच्या आदल्या वर्षी ‘उन्हाळा आला की कोरोना मरेल’ हे वाक्य घरोघर ऐकू येत होतं. प्रत्यक्षात दुसरी लाट फेब्रुवारीत अमरावतीकडे उसळली, मार्चअखेरीस नांदेड जिल्ह्यात टाळेबंदी लागली आणि १८ एप्रिलला, भर उन्हाळ्यात, राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. विषाणू नवा असतो आणि बहुतेकांच्या अंगात त्याच्याविरुद्ध ताकद नसते, तेव्हा ऋतूचं काही चालत नाही. बरीच माणसं आधी आजारून किंवा लस घेऊन तयार झालेली असतात, तेव्हाच थंडी-पावसाचा थोडा धक्का पारडं झुकवतो.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूची ती साथ, हीच गोष्ट अधिक भयंकर रीतीने सांगते. जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरलेली साथ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उलटली, तेव्हा पावसाने दगा दिला होता, धान्य महागलं होतं, माणसं आधीच खंगलेली होती. किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि पैनगंगेपलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. मध्यप्रांत-वऱ्हाडात हजारी ५० हून अधिक माणसं दगावली. बंगाल आणि मद्रासकडे त्यामानाने कमी. पूर्वेकडची दमट हवा, पश्चिमेचा दुष्काळ, की पुढे सरकताना विषाणूच सौम्य झाला, यावर अभ्यासक आजही भांडतात. मला दुष्काळाकडे बोट दाखवावंसं वाटतं. उपाशी माणसाच्या अंगात तापाशी लढायचं बळ नसतं.

आता लसीचं. फ्लूची लस दरवर्षी बदलते आणि तिचं संरक्षण काही महिन्यांतच ओसरू लागतं. उत्तर गोलार्धाची नवी लस साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजारात येते, म्हणजे आपली मोठी लाट ओसरताना. आपल्याला दक्षिण गोलार्धासाठी बनलेली लस मे-जूनमध्ये, पेरणीआधी टोचून घेणं योग्य. काश्मीर सोडता देशातल्या बहुतेक भागांसाठी अभ्यासकांनी हेच सुचवलं आहे. किनवटमध्ये गरोदर बाया, दम्याचे-मधुमेहाचे रुग्ण, आशाताई आणि आश्रमशाळांचे कर्मचारी यांना जूनची घंटा वाजण्याआधी ती मिळायला हवी.

एक गट मात्र या हिशेबात नीट बसत नाही. दिवाळीच्या सुमारास इथल्या तांड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकाकडे निघतात, कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात आणि साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. म्हणजे ऐन हिवाळा त्यांचा फडावर, उघड्यावर जातो. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूची मोठी लाट नेमकी जानेवारी ते मार्चमध्ये आली होती आणि त्या वर्षी देशात सुमारे ३ हजार माणसं गेली. मे महिन्यात टोचलेल्या लसीचा जोर फेब्रुवारीपर्यंत बराच उतरलेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायांना मुकादमाची गाडी निघण्याआधी, ऑक्टोबरमध्ये, त्यांच्याच तांड्यावर ही सुई मिळाली पाहिजे.