कोठ्यांतील विजेचा दिवा

यवतमाळकडील कोठ्यांत बैलांजवळच कुटार, कडबा व कधीं कापूसहि असतो. तेथें ठिणगी पडल्यास आग लागते. तारेंतून वीज गळल्यास ओल्या जमिनीवर चारी पायांनीं उभें असलेलें जनावर माणसाआधीं दगावतें. म्हणून पंपाच्या पेटींतून सैल तार ओढूं नये. परवानाधारक तंत्रज्ञाकडून तारा नळींतून न्याव्या, दिवा झांकणींत व गंजीपासून दूर बसवावा, आणि ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारा ब्रेकर आरंभींच घालावा. अर्थिंगचा खड्डाहि जपावा. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळून सळईपासून सुटते व विजेची वाट अडते. यास्तव चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत त्यांत पाणी घालीत जावें. ब्रेकरची चाचणीची कळ दरमहा दाबावी. दिवा विझला नाहीं, तर ब्रेकर बदलल्यावांचून वीज वापरूं नये.