दोन हात, दोन पाय आणि एक डोळा

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणारा बहुधा ऑप्टोमेट्रिस्ट असतो, शल्यविशारद नव्हे. नेत्रशल्यविशारद व्हायचं तर इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि त्यावर साधारण तीन वर्षांचं एमएस. अभ्यास अफाट, पण खरा कस लागतो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत. तिचा सराव बऱ्याचदा आधी बकऱ्याच्या डोळ्यावर होतो. हो, खाटकाकडून आणलेल्या!

फेको पद्धतीत जेमतेम तीन मिलिमीटरच्या छेदातून पोकळ सुई आत जाते, श्राव्यातीत कंपनांनी गढूळ भिंग फोडते आणि शोषून घेते. दोन्ही हात डोळ्यापाशी, एक पाय सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर, दुसरा फेको यंत्राच्या. यंत्राचं पेडल थोडं दाबलं की नुसतं पाणी, आणखी दाबलं की शोषण, पूर्ण दाबलं की कंपन. भिंगाचं मागचं आवरण काही मायक्रॉनचंच, केसाहून कितीतरी पातळ. ते फाटलं तर भिंगाचे तुकडे मागे निसटू शकतात, त्याजागी बसवायच्या कृत्रिम भिंगाचा आधारही डळमळतो. आणि रुग्ण बहुतेकदा जागाच!

‘दहा मिनिटांचं ऑपरेशन’ हे कौतुक मला म्हणूनच तोकडं वाटतं. शिकाऊ डॉक्टरला सुरुवातीला एखादाच टप्पा करू देतात. सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नेत्रिकेतून वरिष्ठ पाहत असतात.