उत्तर फिरंगाण : एक प्रांत, तीन गति

वसई पडली नसती तर उत्तर कोंकणाचें काय झालें असतें, हा प्रश्न वारंवार निघतो. कोणी म्हणतात, येथें दुसरा गोवा झाला असता. कोणी म्हणतात, इंग्रजांनीं तो प्रांत गिळलाच असता. असल्या प्रश्नास इतिहासांत स्थान नाहीं, हें मत आम्हांस मान्य नाहीं. न्यायशास्त्रांतील तर्क याच जातीचा आहे : अग्नि नसता तर धूरहि नसता. मात्र तर्क हें स्वतंत्र प्रमाण नव्हे. तो प्रमाणाचा साहाय्यक होय. म्हणून घडलेल्या गोष्टींच्या दाव्यास बांधूनच आम्ही तो येथें करूं.

गोव्याच्या उत्तरेकडील आपल्या मुलखास पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ म्हणत. आपल्याकडे तें फिरंगाण. दीव, दमण, वसई, साष्टी, मुंबई व चौल हीं त्याचीं मुख्य ठाणीं, आणि राजधानी वसई. चौलास पोर्तुगीजांनीं इ. स. १५२१ त कोट घातला. वसई त्यांस गुजराथच्या बहादुरशहाकडून १५३४ त मिळाली. दमण त्यांनीं १५५९ त घेतलें. पेणचा मुलूख या सीमेबाहेर राहिला, तो थोडक्यांत. १५४० च्या सुमारास पेणजवळील सांकशी व पनवेलजवळील कर्नाळा हे किल्ले कांहीं काळ वसईच्या पोर्तुगीजांच्या हातीं होते. पुढें ते निजामशहाकडे गेले. सांकशीचा डोंगर जोह्याहून दूर नाहीं.

या एकाच प्रांताच्या तीन गति झाल्या. मुंबई १६६१ च्या विवाहाच्या तहानें इंग्रजांस मिळाली व १६६५ त त्यांच्या ताब्यांत आली. साष्टी १७३७ त आणि वसई मे १७३९ त चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांकडे आली; चौल व कोरलई १७४० च्या तहानें आलीं. दमण व दीव तेवढीं पोर्तुगीजांकडे राहिलीं, तीं डिसेंबर १९६१ पर्यंत. तेव्हां ‘नसतें तर’ याचें उत्तर शोधण्यास हीं तीन उदाहरणें हाताशीं आहेत.

प्रथम राज्याचा विचार. इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ त ठाणें व साष्टी मराठ्यांकडून घेतली. पोर्तुगीज आरमार तीच भूमि परत घेण्यास येत असल्याची वार्ता, हें त्या घाईचें एक कारण होतें. यावरून मुंबईच्या दाराशीं दुसरी युरोपीय सत्ता त्यांस नको होती, हें उघड आहे. उलट पक्षीं, गोव्यांत १७९९ पासून कांहीं वर्षें इंग्रज फौज असूनहि त्यांनीं तो प्रांत पोर्तुगीजांसच राहूं दिला. कारण पोर्तुगाल हा त्यांचा जुना स्नेही. म्हणून साष्टी बहुधा कांहीं तहानें इंग्रजांकडे जाती, आणि वसई व चौल दमणाप्रमाणें राहतीं, असें आमचें अनुमान आहे.

भाषेची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. राज्य गेलें कीं त्याची भाषा जाते, असा समज आहे. परंतु १७४० पासून पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या कोरलईंत ख्रिस्ती कुटुंबें पोर्तुगीजमिश्र बोली आजहि बोलतात. मुंबई-वांद्र्याकडील तशीच बोली इंग्रजी अमलांत नाहींशी झाली. इंग्रजीची शाळा व चाकरी यांपासून दूर राहणें कोरलईस उपकारक ठरलें.

खरा भेद पडला तो देवधर्मांत. गोव्याच्या जुन्या काबिजादींत देवळें पाडलीं गेलीं, कुठ्ठाळीचे श्रीमंगेश सीमेपलीकडे प्रियोळास न्यावे लागले, आणि कित्येक घरीं गणपति कागदावरील चित्राच्या वा पत्रीच्या रूपानें पूजिला गेला. सोळाव्या शतकांत सांकशी पोर्तुगीजांकडे कायम राहती, तर पेणच्या गांवांवरहि हाच प्रसंग येता. ज्या हमरापूर-जोहे परिसरांतून आज गणेशमूर्ति परदेशींहि जातात, तेथें मूर्तीची मातीच लपवावी लागली असती. उलट वसईच्या तहांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्माची मोकळीक दिली होती, आणि वसईचा ख्रिस्ती समाज अद्यापि नांदतो आहे.

तात्पर्य, किल्ल्यावरील निशाणापुरतें पाहिलें तर १७३९ च्या विजयाचें फळ अल्पायुषी ठरलें. साष्टी मराठ्यांकडे ४० वर्षेंहि राहिली नाहीं. त्या विजयाचें मोल त्या तहाच्या कलमांत आहे. जिंकलेल्या रयतेस तिचे देव ठेवूं दिले, हा त्यांतील स्थायी भाग होय.