कांचेच्या बाटलींतील पेशींची शेती व बुळकांडीचा नायनाट

शेतकरी बंधूंस बुळकांडी हें नांव अपरिचित नाहीं. हल्लींच्या तरुणांनीं तो रोग पाहिला नसेल; परंतु वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याची हकीकत अनेकांनीं ऐकली असेल. जनावरास ताप येई, तोंडांत व्रण पडत, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत तें दगावे. दावणी ओस पडत व ऐन पेरणींत बैलांवांचून जमीन पडीक राही. हा रोग आज पृथ्वीवर उरलेला नाहीं. तो कसा गेला हें समजण्यास शरीराबाहेर जिवंत पेशी कशा वाढवितात हें आधीं जाणलें पाहिजे.

भिंत जशी विटांची, तसें शरीर पेशींचें. मात्र वीट निर्जीव असते. पेशी अन्न घेते, वाढते व दुभंगून एकीच्या दोन होते. शरीरापासून वेगळी केल्यावर ती वाढेल काय, अशी शंका होती. सन १९०७ मध्यें अमेरिकेंत रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जेचा सूक्ष्म तुकडा बेडकाच्याच अंगांतील द्रवाच्या गोठलेल्या थेंबांत ठेविला. त्यांतून तंतु फुटून वाढतांना त्यांस प्रत्यक्ष दिसले, आणि शंका फिटली.

पेशी वाढविण्याची रीत पुष्कळशी शेतीसारखीच आहे. वासराच्या मूत्रपिंडाचे बारीक तुकडे करून ते ट्रिप्सिन नांवाच्या पाचक द्रव्यांत ठेविले असतां पेशी सुट्या होतात, हें बियाणें. क्षार, साखर, प्रथिनांचे घटक व वासराच्या रक्तांतील पातळ रस घातलेलें पाणी, हें खत. सपाट तळाची बाटली, हें शेत. सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड ऊब अखंड राखावी लागते. पेशी तळास चिकटून पसरतात, आणि कांहीं दिवसांत एकेरी थरानें तळ भरून जातो. एकमेकींस भिडल्या म्हणजे त्यांची वाढ थांबते. मग त्या सोडवून, भाताच्या रोपांप्रमाणें, नव्या बाटल्यांत विरळ लावाव्या लागतात. तण म्हणजे बुरशी व जंतु. त्यांचा एक कण आंत शिरला तरी सर्व पीक बुडतें. प्रत्येक लावणीस क्रमांक देऊन नोंद ठेवितात; कारण फेरफाराची नोंद चुकल्यास जमिनीच्या मालकीचा जसा घोटाळा होतो, तसा येथें पेशी कोणाच्या याचा होतो.

एवढी खटपट कशासाठीं? बुळकांडी विषाणूपासून होते, आणि विषाणु जिवंत पेशीवांचून वाढत नाहीं. म्हणून पूर्वीं तो वाढविण्यास जनावरच लागे. पुण्यास सन १८८९ मध्यें स्थापन होऊन सन १८९३ मध्यें हिमालयांतील मुक्तेश्वर येथें गेलेल्या सरकारी प्रयोगशाळेंत जे. टी. एडवर्ड्स यांनीं हा विषाणु एका शेळींतून दुसऱ्या शेळींत नेत नेत सौम्य केला. त्या लसीनें असंख्य गुरें वांचलीं. परंतु विलायती व संकरित जनावरांस ती जड जाई.

पुढें केनियांतील मुगुगा येथें वॉल्टर प्लाउराइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हा विषाणु वाढविला. एका बाटलींतून दुसरींत अशी त्याची सुमारें ९० वेळां बदली केली. तेव्हां रोग करण्याची त्याची शक्ति गेली, पण जनावरास प्रतिकार शिकविण्याची राहिली. सन १९६२ मध्यें त्यांनीं हें काम प्रसिद्ध केलें. ही लस सर्व जातींच्या जनावरांस, गाभण गाईसही, निर्धोक ठरली. शिवाय टोचलेल्या जनावराच्या रक्तांत प्रतिकार उत्पन्न झाला कीं नाहीं, हेंही अशाच पेशींवर पडताळतां येऊं लागलें. त्यासाठीं जनावर रोगांत लोटण्याचें कारण उरलें नाहीं.

भारतांत बुळकांडीची शेवटची लागण सन १९९५ मध्यें झाली. सन २००६ मध्यें आपला देश व सन २०११ मध्यें सर्व जग या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें समूळ नाहींसा केलेला हा दुसराच रोग होय. अर्थात् केवळ लसीनें हें झालें नाहीं. गांवोगांव फिरून टोचणारे, रोगाची खबर देणारे व जनावरें बांधून ठेवणारे लोक नसते तर बाटलींतील पीक बाटलींतच राहिलें असतें.

लाळ्या-खुरकुताची लसही आज बाटल्यांऐवजीं मोठ्या टाक्यांत, हॅमस्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार होते. मात्र हा विषाणु अनेक प्रकारचा असून त्या लसीचा प्रभाव कांहीं महिनेच टिकतो. म्हणून ती पुन्हां पुन्हां टोचावी लागते, आणि उन्हांत ठेविल्यास निकामी होते. तरी लस बर्फांतूनच आली आहे ना, हें पाहावें, टोचल्याची तारीख वहींत लिहावी व पुढची पाळी चुकवूं नये. पुष्कळांच्या श्रमांनीं पिकलेलें हें पीक आपल्या दारांत नासूं देणें शहाणपणाचें नव्हे.