परदेशात मुलांच्या चर्च शिबिराला स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी हे ऐका

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी जिथे अडखळले, ते तेवढं काढून टाकलंय.

आपल्या एका श्रोत्या मुलीचा व्हॉइस मेसेज आलाय. ती डॅलसला शिकते. तिच्या चर्चचा गट जुलैमध्ये ग्वाटेमालाला निघालाय, तिथल्या एका गावात आठवडाभर लहान मुलांचं शिबिर घ्यायला. ती विचारते, "ताई, मला स्पॅनिश येत नाही, शिकवायचा अनुभव नाही. मी तिथे जाऊन करणार काय? आणि आई म्हणते, एवढ्या पैशात इकडेच काहीतरी चांगलं कर."

तुझी आई बरीचशी बरोबर आहे. पण मीही अमेरिकेत शिकत असताना एकदा तिकडेच जाऊन आलेय, तर जरा सविस्तर सांगते.

आमच्या नगरकडे चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही 'व्हीबीएस' म्हटलं की मे महिना आठवतो. व्हेकेशन बायबल स्कूल. बाकीच्यांनी सुट्टीतलं संस्कार शिबिर डोळ्यासमोर आणा, फक्त गोष्टी बायबलमधल्या. याची एक सुरुवात १८९८ सालची, न्यूयॉर्कची. एलायझा हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर हिंडणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वर्ग काढला, आणि जागा कुठली, तर भाड्याने घेतलेला बिअरचा अड्डा! पुढे रॉबर्ट बोव्हिल यांनी ती कल्पना शहरभर आणि मग देशभर नेली. साचा आजही साधारण तोच आहे: रोज एक गोष्ट, हातवारे करत म्हणायची गाणी, खेळ, कागदकाम, खाऊ. मुलांचे वयाप्रमाणे गट करतात आणि ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरत राहतात.

यात स्वयंसेवकाचं काम म्हणजे मुख्यतः हमाली. खुर्च्या मांडणं, डिंक सांडला की पुसणं, रांग लावणं, रडणाऱ्या पोराशेजारी बसून राहणं. गोष्ट सांगायची वेळ दिवसातून फार तर वीस मिनिटं. त्यामुळे "अनुभव नाही" याची काळजी सोड.

भाषेची मात्र कर. ग्वाटेमालात स्पॅनिशखेरीज बावीस मायन भाषा आहेत. मी गेले त्या गावातली लहान मुलं घरी काकचिकेल बोलायची. म्हणजे मी इंग्रजीत बोलणार, दुभाषा ते स्पॅनिशमध्ये सांगणार आणि तिथली शिक्षिका काकचिकेलमध्ये. दहा मिनिटांची गोष्ट अर्ध्या तासाची होते, तोवर मागची मुलं एकमेकांना ढकलायला लागलेली असतात. दुसऱ्या दिवशी मी सरकत्या जिन्याचं एक उदाहरण दिलं. शिक्षिका त्यावर बराच वेळ काहीतरी बोलली आणि मुलं खो खो हसली. मी खूश! नंतर कळलं, तिने माझा जिना बाजूला ठेवून मक्याच्या शेताची तिची स्वतःची गोष्ट सांगितली होती. बरंच केलं. तिसऱ्या दिवसापासून गोष्ट तिनेच सांगितली आणि मी चित्रं धरून उभी राहिले. शिबिर तेव्हापासून सुधारलं.

आणखी एक गंमत. अमेरिकेतले गट जून-जुलैत जातात, कारण तेव्हा अमेरिकेत सुट्टी असते. ग्वाटेमालात शाळा जानेवारी ते ऑक्टोबर असते! जुलैमध्ये तिथे ना मोठी सुट्टी, ना कोरडं हवामान. आमचं शिबिर शाळा सुटल्यावर दुपारी, आणि दुपारी हमखास पाऊस. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की गोष्ट संपली. तारखा कोणाच्या सोयीने ठरल्या, हे विचारलंस तर गटाबद्दल बरंच कळेल.

आता फोन. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

पहिल्याच दिवशी एक सहा-सात वर्षांची मुलगी माझा हात सोडेना. स्वेटर फाटलेला, नाक वाहतंय. मी सेल्फी काढला, छानसा मजकूर लिहून टाकला आणि लाइक्सचा पाऊस पडला. दोन दिवसांनी त्या शिक्षिकेने तो पाहिला. ओरडली नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या भाचीचा असा फोटो तू टाकला असतास?" मी तो काढून टाकला. पण बातमी आईपर्यंत गेली होती. शेवटच्या दिवशी ती बाई मुलीला घेऊन आली. केस विंचरलेले, अंगात नवा हुईपिल, म्हणजे तिकडे मागावर विणतात तो नक्षीदार पोलका. म्हणाली, आता काढ फोटो. मी काढला, तिला छापून पाठवला, कुठेही टाकला नाही.

म्हणून फोटोआधी पालकांना विचार, आणि गावाचं नाव-लोकेशन टाकू नकोस. मुलासोबत एकटी कधीही राहू नकोस. कायम दोन मोठी माणसं हवीत, शौचालयाकडे न्यायचं असेल तर तिथल्या शिक्षिकेने. ज्या गटात स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी होत नाही, त्यांच्यासोबत जाऊच नकोस. आणि "मी परत येईन" हे मुलांना सांगायचं नाही. ती वाट बघतात.

पैशाचं बोलू. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये बाहेरून आलेल्या गटांनी घरं बांधून दिली. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून एका घरामागे सुमारे तीस हजार डॉलर गेले होते; स्थानिक संस्था तसंच घर दोन हजारांत बांधत होत्या. तुझी आई म्हणते ते हेच.

पण शिबिर म्हणजे घर नाही. तिथली मंडळी दरवर्षी ते स्वतः घेत असतील, आणि त्यांनीच सांगितलं असेल की आम्हाला चार हात आणि रंगांचे खडू हवेत, तर जाण्यात अर्थ आहे. बोलावलं कोणी, हे आधी विचार. तू परतल्यावर पुढच्या सोमवारी त्या मुलांसोबत कोण असणार, तेही विचार. उत्तर "कोणी नाही" असेल, तर तिकिटाचे पैसे त्या शिक्षिकेच्या हाती पोचव.

आपण नगरकर तर या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूचे. सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेतून मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या. त्यांच्या धर्मकार्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, बाई मराठी शिकल्या होत्या. आपले सात दिवस.

एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट: तू भारतीय पासपोर्टवर आहेस. ग्वाटेमालाचे प्रवेशाचे नियम बघ, अमेरिकेत परत येताना तुझा विद्यार्थी व्हिसा चालू आहे ना ते बघ, आणि निघण्याआधी कॉलेजच्या कार्यालयातून आय-ट्वेंटीवर प्रवासाची सही घे. गटातल्या अमेरिकन लोकांच्या हे डोक्यातही येणार नाही.

जायचं ठरलं तर कळव. आणि हो, कात्र्या चेक-इन बॅगेत टाक, चमकी अजिबात नेऊ नकोस. ती त्या चर्चच्या फरशीवरून अजून निघाली नसेल.